मोजकं लिहिण्याबद्दलची पुस्तिका काढताना

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी आलं तेव्हा आम्ही गावभागातलं घर सोडून विश्रामबागला मामांकडे राहत होतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मामांच्या घरी वीज येऊनजाऊन होती. ती आली की आम्ही सगळे फोन चार्जिंगला लावायचो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मदतीच्या संदेशांची वहीत यादी करायचो. कुठे बोट हवी, कुठे औषध, कुठे दूध.

त्यातला एक संदेश मी अजून विसरलेले नाही. ‘तातडीने मदत हवी. कर्नाळ रोडला वृद्ध जोडपे अडकले आहे. बोट पाठवा. जास्तीत जास्त शेअर करा.’ तारीख नाही, वेळ नाही, फोन नंबर नाही. त्या आजी-आजोबांना मंगळवारी संध्याकाळीच बाहेर काढलं होतं. संदेश मात्र शनिवारपर्यंत फिरत राहिला. दर वेळी कुणीतरी नव्याने धावपळ करायचं, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा जायचा. ज्याने तो लिहिला त्याच्या मनात काळजीच होती. लिहिताना ‘पुढे जाणाऱ्या संदेशाबरोबर मूळ तारीख जात नाही’ एवढं त्याला माहीत नव्हतं.

फोनवरचे संदेश मोजके कसे लिहावेत याची ही पुस्तिका त्या वहीतूनच निघाली, पण पाच वर्षांनी. मी एका वाचनालयात काम करते. कार्यक्रमांच्या सूचना, वर्गणीची आठवण, सुट्ट्यांची माहिती हे सगळं फोनवरून पाठवायचं काम माझ्याकडे असतं. लोक विचारायला लागले, आमच्या मंडळाची सूचना जरा बघून द्याल का, दूध संस्थेचा संदेश लहान करून द्याल का. तेच तेच सांगताना वाटलं, लिहूनच काढावं. १ जून २०२४ ला पहिलं पान लिहिलं.

आता पुस्तिका हातात आहे. ती काढताना काय काय लागतं हे मला कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी असं काही काढायच्या विचारात असेल तर त्याची निदान थोडी पायपीट वाचावी, म्हणून हा सगळा हिशेब मांडते आहे.

दिवाळीपर्यंत २१४ पानं झाली. त्यात जुन्या तारसेवेवर १९ पानांचं प्रकरण होतं. शब्दागणिक पैसे पडायचे म्हणून माणसं कसं मोजून लिहायची, पोस्टकार्डावर समासातसुद्धा कशी मजकूर बसवायची, जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा काय वाटलं, असं बरंच. ते प्रकरण मला फार आवडायचं. पण ज्या माणसाला उद्या सकाळी पाणी बंद असल्याचं कळवायचं आहे त्याला त्याचा उपयोग नव्हता. ते काढून टाकलं तेव्हा दोन दिवस काही लिहवलं नाही. नंतरची काटछाट सोपी गेली.

खरी काटछाट मात्र वाचकांनी करून घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये सात जणांना कच्च्या प्रती दिल्या: आरोग्याचं काम करणाऱ्या एक आशाताई, दूध संस्थेचे सचिव, रिक्षा संघटनेतले एक दादा, कॉलेजमधल्या दोन मुली, आमच्या वाचनालयातले एक निवृत्त शिक्षक आणि माझी जाऊ. आशाताईंनी चौथ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘ताई, आधी सांगा काय करू. का ते मग वाचते.’ माझं प्रत्येक प्रकरण ‘का’ने सुरू होत होतं. सगळी प्रकरणं उलटी केली. आधी नमुना, मग तो तसा का.

निवृत्त शिक्षकांना दिसत नाही, फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो तो ते ऐकतात. मी हौसेने सजवलेला एक नमुना त्यांनी मला मोठ्या आवाजात ऐकवला. ओळीच्या सुरुवातीला पाच गुलाब होते. फोनने पाचही वेळा गुलाबाचं नाव घेतलं आणि मग कार्यक्रमाची वेळ सांगितली. ‘दि.’ आणि ‘स. १०’ हेही त्यांच्या फोनला नीट वाचता येत नव्हतं. सर म्हणाले, “बाई, तुम्ही ‘सकाळी १०’ लिहिलंत तर तीन अक्षरं वाढतील, पण मला कळेल.” तोवर कमी अक्षरं म्हणजे मोजकं लिखाण अशी माझी समजूत होती. चित्रावर मजकूर छापून पाठवायची जी पद्धत पडली आहे, ती सरांच्या काहीच कामाची नसते, हेही तेव्हाच कळलं. त्यावर नवीन प्रकरण लिहिलं आणि पुस्तिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण मी तेच मानते.

अक्षरं मोजण्याचा विषय वेगळा सांगायला हवा, कारण इथे मराठी लिहिणाऱ्याची फसगत होते. आपल्या डोळ्याला ‘स्त्री’ हे एक अक्षर दिसतं. संगणक त्यात सहा खुणा मोजतो: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्याला चार, मोजणीत दहा. ट्विटर म्हणजे आताच्या एक्सवर पैसे न भरणाऱ्या खात्याला २८० ची मर्यादा आहे, त्यात मराठी मजकूर आपल्या अंदाजापेक्षा लवकर भरतो तो यामुळे. लिंक कितीही लांब असो, तिथे ती २३ धरली जाते. साध्या एसएमएसमध्ये तर रोमन लिपीला १६० आणि देवनागरीला ७०. त्याच्या पुढे गेलं की संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. हे आकडे मी पुस्तिकेत एकाच पानावर ठेवले. कंपन्या मर्यादा बदलतात, ते पान जुनं होईल. बाकीची पानं तशी होऊ नयेत म्हणून ती आकड्यांवर उभी केली नाहीत.

नमुने कसे केले त्याचं एक उदाहरण देते. मूळ धाटणी अशी असते: ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव आपल्या परिसरातील पाणीपुरवठा उद्या बंद ठेवण्यात येणार असून नागरिकांनी सहकार्य करावे.’ माझा नमुना: ‘गुरुवार, १२ जून: विश्रामबागला दिवसभर पाणी नाही. बुधवारी रात्रीच भरून ठेवा.’ दुसरा लहान आहे, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते ‘उद्या’ आणि ‘आपल्या परिसरातील’ हे दोन शब्द गेले ते. संदेश पुढे गेला की ते दोन्ही खोटे ठरतात. ‘सहकार्य करावे’च्या जागी काय करायचं ते आलं. फोन कुलूपबंद असताना पडद्यावर बहुधा सुरुवातच दिसते, म्हणून वार आणि तारीख तिथे.

आधी मला लोकांचे खरे संदेशच छापायचे होते. जमवलेल्यांपैकी १९ जणांकडे परवानगी मागितली. ११ जणांचं उत्तर आलं, त्यातल्या चौघांनी नको म्हटलं. त्यांचं बरोबरच होतं. संदेश ज्याने लिहिला त्याचा असतो, शिवाय त्यात नावं आणि फोन नंबर होते. सगळे स्क्रीनशॉट काढून टाकले आणि नमुने स्वतः लिहिले. त्यात तीन आठवडे गेले. तुम्ही असलं पुस्तक करणार असाल तर पहिल्या दिवसापासूनच नमुने स्वतः रचा.

जानेवारी २०२५ मध्ये तीन प्रकाशकांना हस्तलिखित पाठवलं. एकाकडून काहीच कळलं नाही. एकांनी ‘विषय चांगला, पण यादी पुढच्या वर्षीपर्यंत भरली आहे’ असं प्रेमाने कळवलं. तिसऱ्यांनी तीनशे प्रतींचा पूर्ण खर्च माझ्याकडे मागितला आणि वर प्रती त्यांच्याच ताब्यात राहतील म्हणाले. खर्च मीच करायचा तर प्रकाशकही मीच होते, असं घरात बसून ठरलं. भीती वाटत होती. भिशीचे आणि साठवलेले मिळून ३०,००० रुपये बाजूला काढले आणि त्याच्या आत बसवायचं ठरवलं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. प्रत्यक्षात ते सोपं निघालं. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत मिळतो, अर्ज ऑनलाइन करायचा, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण एका एजंटने मला दोन हजार सांगितले होते. लेखकच प्रकाशक असेल तर तशी नोंदणी करता येते. ओळखपत्र, पत्ता आणि पुस्तकाची माहिती तयार ठेवा. मी १० मार्चला अर्ज केला. मुखपृष्ठावर आणि अर्जात नाव वेगवेगळं पडलं होतं, एकीकडे ‘मोजकं’ आणि दुसरीकडे ‘मोजके’. चूक माझी, दुरुस्त करून पुन्हा भरलं. २ एप्रिलला क्रमांक आला. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, तेव्हा दोन्ही करायचे असतील तर एकदमच मागा.

नावावरून आठवलं. ‘संक्षिप्त’ हा शब्द मी शेवटपर्यंत टाळला. संक्षेप म्हणजे आधी मोठं असतं ते लहान करणं. मोजकं म्हणजे पहिल्यापासून हवं तेवढंच घेणं, जसं आमटीला मीठ घेतो. मला हे दुसरं सांगायचं होतं.

कॉपीराइटबद्दल बरेच जण विचारतात. लिहिल्याबरोबर तो लेखकाचा होतोच, नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. मी ती केली नाही. पैसे मुद्रितशोधनाला, म्हणजे छपाईआधी चुका तपासून घ्यायला ठेवले, आणि आजही तो निर्णय मला पटतो.

मुद्रितशोधन करणाऱ्या बाई मिरजेच्या. पानाला २० रुपये. त्यांच्या टेबलावर मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १८ नियमांचा कागद काचेखाली ठेवलेला असतो: १४ नियम १९६२ चे, ४ १९७२ चे. त्यांनी माझ्या ‘करुन’, ‘म्हणुन’ सगळीकडे दीर्घ केल्या. बोली अनुस्वार ठेवायचे की ‘केले, झाले’ करायचं, यावर आमचं दोन दुपारी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, “तुमची पुस्तिका बोलण्यासारखं लिहा म्हणते ना, मग अनुस्वार राहू द्या. पण एकही सुटता कामा नये.” त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट मी पुस्तिकेतच घातली: वाक्य लांब झालं की स्वल्पविराम वाढवू नका, वाक्य तोडा.

अक्षरजुळणीत मात्र दमले. मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर सारखं दिसणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं, आणि संगणकावर पानं जुळवणारे डीटीपीवाले काका जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करणारे. फाइल त्यांच्या फॉन्टमध्ये बदलली की ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र कुठे गायब, कुठे रफार होऊन पुढच्या अक्षरावर. काही जोडाक्षरं फुटली. पहिल्या प्रुफात, म्हणजे तपासायला काढलेल्या छापील पानांत, अशा २६० च्या वर चुका निघाल्या. काकांचा हात चांगला होता, चुका त्यांच्या नव्हत्याच, रूपांतराच्या होत्या. तीन प्रुफं झाली: १९ एप्रिल, ६ मे, २० मे. तिसऱ्याच्या वेळी त्यांच्या दुकानात त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, तेव्हा कुठे संपलं.

आणि मग लक्षात आलं की प्रुफात केलेल्या दुरुस्त्या माझ्या मूळ युनिकोड फाइलमध्ये नाहीत. ई-बुकला युनिकोडच लागतं. दोन रविवार बसून सगळ्या दुरुस्त्या पुन्हा उतरवल्या. हे टाळायचं असेल तर जुळणी करणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा, युनिकोडवर काम करता का. मुक्तासारखे चांगले देवनागरी फॉन्ट आज मोफत परवान्यावर मिळतात आणि पुस्तकात छापता येतात. मराठी वळणाचे ल आणि श आहेत ना, तेवढं एक पान छापून बघा.

छपाईसाठी तीन ठिकाणी दर काढले. त्यांची भाषा समजून घ्यायला एक सकाळ गेली. आमचा आकार डेमी १/८, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेवावी. माझी ९९ झाली होती, त्यातली तीन काढून ९६ केली, सहा फर्मे. त्या तीन पानांत ऋणनिर्देश दोन पानांचा होता, तो अर्ध्या पानात आणला. आत ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड कागद, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. ऑफसेट हजार प्रतींना परवडतं, तीनशेला डिजिटल. बांधणी झाल्यावर २२ प्रतींत एक फर्मा उलटा लागलेला सापडला. छापखान्याने त्या विनातक्रार बदलून दिल्या, पण सापडल्या त्या मी प्रत्येक प्रत उलगडून बघितली म्हणून. माझा टेम्पो १६ जूनला आला, त्याच दिवशी हे काम केलं. तुम्हीही तसंच करा. आठवडा गेला की विचारायला अवघड वाटतं.

पैशांचा हिशेब असा. मुद्रितशोधन १,९२०. जुळणी पानाला ४५ प्रमाणे ४,३२०. मुखपृष्ठ ३,५००. छपाई आणि बांधणी प्रतीला ५८ प्रमाणे १७,४००. एकूण २७,१४०. किंमत १२० ठेवली. पुस्तकांची दुकानं ४० टक्के घेतात, म्हणजे माझ्या हातात ७२ येतात. सगळ्या तीनशे प्रती दुकानांतून गेल्या तरी २१,६०० होतात, खर्च निघत नाही. हातोहात विकल्या तर २२७ प्रतींना निघतो. हे गणित किंमत छापून झाल्यावर मांडलं. तुम्ही आधी मांडा.

एक कायदेशीर गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, मला वाचनालयात असल्यामुळे माहीत होती. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं एशियाटिक. २४ जूनला चारही पाकिटं केली. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची पुस्तकांसाठीची ज्ञान पोस्ट सुरू झाली आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. पाकिटावर ‘ज्ञान पोस्ट’ लिहावं लागतं आणि पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव असावं लागतं. माझी प्रत साधारण १२० ग्रॅमची, म्हणजे दोन प्रती एका पाकिटात जातात. बाहेरगावी मागवणाऱ्यांना मी तेच सांगते, मैत्रिणीबरोबर मिळून मागवा. काउंटरवरच्या बाईंनी मुंबईच्या पाकिटावरचा पत्ता वाचून विचारलं, “तिथे कोण वाचणार हे?” मी म्हटलं, कुणीतरी पन्नास वर्षांनी वाचेल, आपण फोनवर एकमेकांशी कसं बोलायचो ते बघायला. त्यांनी शिक्का फार नीट मारला.

पुस्तिकेचं नाव इथे लिहीत नाही, ही जाहिरात वाटू नये. ऑगस्टअखेर १६० प्रती गेल्या होत्या. त्यातल्या २० आशाताईंनी त्यांच्या गटासाठी नेल्या.

त्यांचाच फोन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. पान ४१ वरचा तिसरा नमुना रक्तदान शिबिराचा आहे. ‘रविवारी सकाळी ९ ते १, मारुती चौक. आधार कार्ड आणि रिकामी नसलेली पोटं घेऊन या.’ शेवटचं वाक्य त्यांच्या गटातल्या मुलींना आवडलं होतं. पण त्यांनी विचारलं, “ताई, कुठला रविवार?”

सात वाचक, मुद्रितशोधन, तीन प्रुफं, आणि तारीख राहिली होती. त्या रात्री मला झोप आली नाही, कर्नाळ रोडचा तो संदेश आठवत राहिला. दुसऱ्या दिवशी बोटभर रुंदीच्या शुद्धिपत्राच्या पट्ट्या छापून आणल्या, झेरॉक्सवाल्याने ३५ रुपये घेतले. उरलेल्या १४० प्रतींत मी आणि जाऊबाई मिळून त्या चिकटवल्या. ज्या १६० बाहेर गेल्या आहेत त्यांतल्या जितक्या जणांचे पत्ते होते त्यांना कळवलं.

तुमच्याकडे प्रत असेल आणि कळलं नसेल, तर पान ४१ उघडा, ‘रविवारी’ खोडून त्या जागी ‘रविवार, २२ जून २०२५’ लिहा.